पाहुण्यांचा कप

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात कपांच्या तीन जाती होत्या. रोजच्या चहाला जाडसर पांढरे कप. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचा सहाचा सेट. आणि मोरीजवळच्या कोनाड्यात एकटाच, कान तुटलेला एक कप. तो कामाच्या बाईंचा. चहा झाला की त्यांनीच तो विसळायचा आणि पालथा घालायचा. लहानपणी यात काही वावगं वाटलं नाही, कारण घरात कुणालाच वाटत नव्हतं. कपाटातला सेट आणि कोनाड्यातला तो कप एकाच घराण्यातले, हे खूप उशिरा लक्षात आलं.

सोवळ्याच्या हिशेबात धातूचं भांडं चिंच-राखेने घासलं की शुद्ध होतं. मातीचं भांडं उष्टं झालं की संपलं, ते फेकूनच द्यायचं. चिनी माती या दोन्ही खणांत बसेना. माती तर खरी, पण इतकी भाजलेली की काचेसारखी घट्ट झालेली. बरणी मात्र स्वयंपाकघरात विनातक्रार शिरली. लोणचं पितळेत कळकतं, बरणीत वर्षभर टिकतं, आणि बरणीला कुणाचं तोंड लागत नाही. (बरण्यांचा मोठा पुरवठा सौराष्ट्रातून होई. तिथली परशुराम पॉटरी उभी करणारे परशुराम गणपुले मराठीच.) कपाचं दुखणं वेगळं. तो ओठांना लागतो, आणि त्यातला चहाही साहेबाचा.

चहाचं हे प्रकरण पुण्याने किती मनावर घेतलं होतं, ते पंचहौद मिशनात दिसलं. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या या ख्रिस्ती मिशनात शहरातली नामवंत मंडळी जमली होती. टिळक होते, रानडे होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हात लावून तसाच ठेवला. सगळ्यामागे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. उपस्थितांची नावं ‘पुणेवैभव’ या वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठलं. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांची नाराजी ओढवून घेतली. घोटभर चहाची एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या शहराने मोजली असेल असं मला वाटत नाही.

अशा शहरात कप आधी आला तो परक्यांसाठी. घरचे पितळेच्या फुलपात्रातून पीत, आणि बाहेरचा कुणी आला तर त्याच्यापुरती कपबशी वेगळी. पुढे सोवळं सैलावत गेलं तशी ती वेगळी ठेवलेली कपबशी दोन वाटांनी गेली. एक कोनाड्यात उतरली, दुसरी कपाटात चढली. रुखवतात टी-सेट मांडायची पद्धत पडली तोवर ‘पाहुण्यांचा कप’ म्हणजे घरातला सर्वांत चांगला कप, असा अर्थ पार उलटला होता. इराण्याकडे मात्र हा भेद पहिल्यापासून नव्हता. डेक्कनवरचं गुडलक १९३५ मधलं. अशा हॉटेलांत टेबलावर आलेल्या कपाला आधी कुणाचे ओठ लागले, हे विचारायची सोयच नव्हती.

नाजूक कपांचा मूळ इतिहास अर्थातच पुण्याचा नाही. चीनमध्ये जिंगडेझेनजवळ केओलिन ही पांढरी माती मिळे. ती एका विशिष्ट दगडाच्या भुकटीत कालवून सुमारे १३०० अंशांवर भाजत. युरोपला हे कोडं १७०८ च्या सुमारास जर्मनीत सुटलं. बॉटगर नावाचा किमयागार राजाच्या कैदेत सोनं करायला बसला होता, त्याच्या हाती पोर्सेलिन लागलं. १७१० मध्ये माइसनचा कारखाना निघाला. इंग्रजांनी वेगळीच वाट धरली: मातीत जनावरांच्या हाडांची राख, तीही जवळजवळ निम्मी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडने ही कृती पक्की केली. तेच बोन चायना.

आमच्याकडचा सोनेरी काठाचा सेट काकांनी विलायतेहून आणलेला. ‘बोन’ म्हणजे काय, हे माझ्या आतेभावाने आजीला एका दिवाळीत सांगून टाकलं. आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, “आपण कुठे त्यातून पितो? पाहुण्यांचा आहे तो.”

आज घ्यायचा झाला तर कप उजेडासमोर धरा आणि मागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर माल पातळ आणि नीट भाजलेला. नखाने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. बोन चायनाचा पांढरा रंग सायीकडे झुकतो, साध्या पोर्सेलिनचा किंचित निळसर वाटतो. पांढऱ्याशुभ्र ओपल काचेच्या डिशेस दुकानात शेजारीच मांडलेल्या असतात. त्या चांगल्या असतात, पण ती चिनी माती नव्हे, काच. सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्ह नको आणि तारेची घासणीही नको. थंडीत उकळता चहा ओतण्याआधी कप कोमट पाण्याने विसळून घ्या. कपात कप घालून चळत रचू नका, कान तिथेच जातात. आणि सेट वापरा. कपाटात ठेवून टवके उडत नाहीत हे खरं, पण चहाही मिळत नाही.

पूर्ण सेट परवडत नसेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. मागच्या खेपेला मला तिथे निळ्या फुलांचा एक सेट दिसला, पाच कप आणि सहा बश्या. सहावा कप कुठे म्हणून विचारलं, तर विकणाऱ्याने गोणपाटाखाली हात घालून तो काढला. कान नव्हता. “हा फुकट घ्या,” म्हणाला.