घोळक्यात पुढची पेशी नेमके काय करते? : पार्श्वभूमी

भ्रूणात पेशी घोळक्यानेही सरकतात. त्यात पुढची पेशी वाट दाखवते की फक्त पुढे असते, हा इथला प्रश्न. त्याची सुरुवात पेशींच्या टकरीपासून होते. दुसऱ्या पेशीशी टक्कर झालेल्या बाजूला पेशी आपली धाव आवरते, हे १९५०च्या दशकात कोंबडीच्या हृदयातून काढून काचेवर वाढवलेल्या पेशींत दिसले. जिवंत भ्रूणात, चेता-शिखेच्या (भावी मज्जारज्जूच्या कडेतून निघून भ्रूणभर पसरणाऱ्या) पेशींत, ते २००८ मध्ये सिद्ध झाले. घोळक्याच्या प्रवासाबद्दलची बरीचशी वाटचाल मात्र फळमाशीच्या अंडकोष्ठात, म्हणजे अंडे जिथे वाढते त्या कप्प्यात, झाली.

तिथे चार ते आठ बॉर्डर पेशींचा घोळका, मध्ये ध्रुवीय नावाच्या दोन पेशी घेऊन, अंड्याला पोसणाऱ्या पोषक पेशींच्या फटींतून सुमारे १५० मायक्रोमीटर सरकतो. त्याला साधारण सहा तास लागतात. पेशींना एकमेकींना चिकटवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन घोळक्यातून काढा किंवा पोषक पेशींतून, प्रवास अडतो. पकडच नसेल तर पुढे खेचणार कशाला?

२००७ पर्यंत हे सारे मारून स्थिर केलेल्या कोष्ठांवरून जुळवलेले होते. कोष्ठ शरीराबाहेर काढला की वाढ थांबे. माध्यमात इन्सुलिन घातले आणि सामू ६.९च्या आसपास ठेवला, तेव्हा कुठे सलग चित्रण जमले. (आजही लेसर जास्त झाला की घोळका थबकतो आणि ते तपासल्या जाणाऱ्या जनुकाच्या माथी मारले जाते.) त्या चित्रणात पुढची पेशी मागे जाताना आणि दुसरी तिची जागा घेताना दिसली.

वाद इथूनच पेटला. २००६ मध्ये झेब्रामाशाच्या पार्श्वरेषेच्या (पाण्याची हालचाल टिपणाऱ्या, अंगाच्या बाजूच्या इंद्रियाच्या) सुमारे शंभर पेशींच्या घोळक्यात उलट चित्र दिसले होते : सीएक्ससीआर४बी हा ग्राही (वाटेवरचा संकेत ओळखणारे पेशीवरचे प्रथिन) नसलेल्या घोळक्यात तो असलेल्या थोड्या पेशी रोपल्या, त्या टोकाला पोहोचल्या आणि सगळा घोळका चालू लागला. मग पुढारी पेशी हा ठरलेला प्रकार की निव्वळ जागा? बरेच लेख आजही टोकाच्या पेशीला सरसकट पुढारी म्हणतात. हे चूक आहे. ती निकामी केल्यावर बाकीच्यांची दिशा बिघडते का, हे तपासल्याशिवाय तो शब्द वापरू नये. २०१० मध्ये बॉर्डर पेशींत ही कसोटी लागली. प्रकाशाने एकाच पेशीतले रॅक (पेशीला पुढे हात पसरायला लावणारे प्रथिन) चेतवले तर घोळका तिकडे वळला. पुढच्या पेशीतले दाबले तर बाकीच्या पेशी भलतीकडे हात पसरू लागल्या.

२०१३ मध्ये मागच्या पेशींकडे लक्ष वळले. झेब्रामाशात वाटेवर घोळक्याला दिशा देणारे संकेत-प्रथिन सगळीकडे सारखेच तयार होते. मागच्या पेशी सीएक्ससीआर७ या दुसऱ्या ग्राहीच्या साहाय्याने ते गिळतात, त्यामुळे पुढे जास्त, मागे कमी असा संकेताचा उतार घोळका स्वतःच घडवतो. तो ग्राही काढला की पुढच्या पेशी शाबूत असूनही घोळका लांबत जातो आणि वाटेतच अडतो.