नीतिमान ठरण्याविषयीची संयुक्त घोषणा (१९९९)

रोमन कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे स्वाक्षऱ्या केलेला सैद्धांतिक करार. पापी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, हा त्याचा विषय. सोळाव्या शतकात रोमविरुद्ध उठलेला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या बंडाचा गाभा हाच होता. त्याच्या अनुयायांना लुथरन म्हणतात. देव माणसाला केवळ विश्वासामुळे नीतिमान ठरवतो आणि ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या नावे धरतो, असे ल्यूथर मानी. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये याला उत्तर दिले: कृपेमुळे माणूस आतून खरोखर पालटतो आणि त्या कृपेला त्याची इच्छाशक्ती साथ देते. विरुद्ध मतांवर परिषदेने ३३ कलमांत शापवाणी उच्चारली.

तडजोडीचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्गला दोन्हीकडच्या पंडितांनी याच मुद्द्यावर एक मसुदा मान्य केला. पण तो रोमला पटला नाही आणि ल्यूथरलाही नाही.

१९९९ च्या घोषणेत कोणीही माघार घेतलेली नाही. तारण केवळ कृपेने मिळते, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, हे आधी एकत्र मांडायचे आणि मग प्रत्येक उपमुद्द्यावर दोन्ही बाजूंचे स्पष्टीकरण शेजारी ठेवायचे, अशी तिची रीत आहे. इथे मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले धिक्कार (म्हणजे त्रेंतच्या शापवाणीसारखे परस्परांचे निषेध) लागू होत नाहीत, हा तिचा निष्कर्ष. धिक्कार रद्द झाले असे म्हटले जाते, ते बरोबर नाही.

वाट सोपी नव्हती. नीतिमान ठरलेला माणूस त्याच वेळी पापीही असतो, या लुथरन सूत्रावर १९९८ मध्ये रोमने हरकत घेतली. दीडशेहून अधिक जर्मन प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी तर मसुद्यालाच विरोध केला. अखेर एक परिशिष्ट जोडून कोंडी फुटली. त्यात कार्डिनल योझेफ रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांचा हातभार होता. अमेरिकेतील मिझुरी सिनॉड या लुथरन चर्चने मात्र घोषणा मानली नाही. मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड हे इतर प्रोटेस्टंट पंथ अनुक्रमे २००६ आणि २०१७ मध्ये तिच्याशी जोडले गेले.

तरीही प्रभुभोजनाची (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची) पंगत वेगळीच राहिली. कारण प्रोटेस्टंट पाळकांची दीक्षा कॅथलिक चर्च पूर्ण मानत नाही, आणि त्या प्रश्नाला ही घोषणा हात घालत नाही.