चिनी घरांना मदत नकोच असते?

"चिनी लोक घरचा मनोरुग्ण घरातच सांभाळतात, त्यांना मदत लागत नाही." अमेरिका-कॅनडात तिथल्या चिनी कुटुंबांबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. सांभाळतात हे खरं, पुढचं खोटं. १९७०च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ डॉ. त्सुंग-यी लिन यांना कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दिसलं ते असं: आधी घरच्या घरी निभावणं, मग ओळखीपाळखीचे, मग वैद्य, आणि मनोविकारतज्ज्ञ अगदी शेवटी. तोवर आजार मुरलेला. लाज आहेच, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार) आहे हे कळलं की धाकटीचं लग्न अडतं (हे आपल्याला काय नवं?). पण अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २००१च्या अहवालानं भाषेची अडचणही दाखवली. फक्त कँटोनीज ही चिनी भाषा बोलणाऱ्या आईला डॉक्टर विचारतात, "आवाज ऐकू येतात का?" (म्हणजे कोणी नसताना), आणि दुभाषा कोण, तर तिचाच शाळकरी मुलगा.