उपासाचे पदार्थ

उपासाचे पदार्थ : एकादशी, महाशिवरात्र, संकष्टी चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र अशा दिवशी महाराष्ट्रात खाल्ले तरी उपास मोडत नाही, असे मानले जाणारे पदार्थ. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू ही त्यांतली रोजच्या ओळखीची नावे. या विषयात पारिभाषिक म्हणावा असा शब्द एकच : ‘चालते’. जिन्नस उपासाला चालतो किंवा चालत नाही. मधली पायरी नाही. आणि वर्षानुवर्षे सोवळ्यात चालत आलेल्या या जिन्नसांपैकी बहुतेक प्रमुख जिन्नस कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचेपर्यंत भारतात कोणी पाहिलेलेही नव्हते.

खिचडीची कढईच घ्या. साबुदाणा रात्री दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, दाणे जेमतेम बुडतील इतकेच पाणी ठेवून झाकायचा. सकाळी दाणा चिमटीत दाबला की सपाट व्हावा, आत कडक कणी लागू नये. पाणी जास्त झाले तर खिचडीचा गोळा, कमी झाले तर दातांना काम. मग तुपात जिरे, हिरव्या मिरचीचे तुकडे, बटाट्याच्या काचऱ्या, त्यावर दाण्याचे कूट, मीठ आणि चिमूटभर साखर लावलेला साबुदाणा, आणि एक वाफ. यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. जिरे पश्चिमेकडून आलेले, पण फार जुने. बाकी अस्सल देशी म्हणावे तर तूप आणि ती चिमूटभर साखर.

साबुदाण्याचा प्रवास या सगळ्यांत वळणावळणाचा. ‘साबु’ हा मूळचा मलायी ‘सागू’. आग्नेय आशियातल्या सागू ताडाच्या खोडातल्या गराचे हे दाणे. भारतात साबुदाणा आयात होई तो हा. कसावा मात्र पोर्तुगीजांबरोबर केरळात उतरला आणि त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८०–८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले, ते भाताच्या टंचाईवर उतारा म्हणून. दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या ताब्यात गेला, सागूची आयात तुटली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याच्या पिठापासून तसेच दाणे पाडायला सुरुवात झाली. कंद सोलून, किसून, धुऊन त्याचे पांढरे दूध टाक्यांत निवळू देतात. तळाशी बसलेले सत्त्व ओलसर असतानाच हलवून-हलवून त्याचे दाणे वळवतात, ते तापल्या तव्यावर भाजतात आणि सिमेंटच्या अंगणात उन्हात पसरतात. झाड बदलले, खंड बदलला, नाव तेच राहिले. गिऱ्हाइकाने विचारले नाही, दुकानदाराने सांगितले नाही. त्रावणकोरात जो कंद पोटाला अन्न नाही म्हणून लोकांनी जवळ केला, तोच इथे अन्न असूनही खायचे नाही त्या दिवसाचा मुख्य पदार्थ झाला. सेलमच्या आसपास याच दाण्याला ‘जव्वरिसी’ म्हणतात. तिथे त्याचे पायसम होते, पापड होतात. व्रताशी त्याला खास जोडलेय ते आपण.

‘बटाटा’ या शब्दातही अशीच अदलाबदल आहे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढे तो अँडीजमधल्या वेगळ्याच कंदाला चिकटला आणि पोर्तुगीजांकडून मराठीत आला. शब्दाचा मूळ धनी रताळे उपासाच्या ताटात बटाट्याशेजारीच असते, दुसऱ्याच नावाने. मिरचीने तर नावही इथलेच घेतले : मिरी, संस्कृत मरिच, तिच्यावरून मिरची. भुईमुगाला मुगाची ओळख दिली, एवढे की त्याचे परकेपण कोणाच्या मनातही येत नाही. मूग मात्र उपासाला चालत नाही.

उपासाला ‘फराळ’ करतात. हा शब्द ‘फलाहार’वरून आला, पण हल्ली फराळात फळ शोधावे लागते, दिवाळीच्या फराळात तर चकली आणि कडबोळी. फळे खाणारेही असतात. त्यांच्या ताटातले पेरू, पपई, चिकू, अननस ही सगळी अमेरिकेची देणगी. सीताफळ आणि रामफळ यांचेही मूळ वनस्पतिशास्त्र अमेरिकेतच मानते. केळे तेवढे आशियाचे.

ही पिके पश्चिम किनाऱ्यावर आणण्यात मोठा वाटा पोर्तुगीज गलबतांचा. गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला आणि १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसवले. ते मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात घरात तुळस लावायला आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवायलाही बंदी होती. एका हाताने तुळस उपटायची आणि दुसऱ्या हाताने तुळशीपुढच्या उपासाचा शिधा पुरवायचा, असा हा कारभार. अर्थात पुरवणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी तो बंदरातला माल.

हे जिन्नस चालू कसे लागले, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण साधे आहे. एकादशीला धान्यात पाप येऊन राहते अशी कथा आहे, म्हणून त्या दिवशी धान्य वर्ज्य. नव्याने आलेला कंद किंवा शेंग जुन्या नियमात बसतच नव्हती. त्यामुळे नावानिशी निषेधही नव्हता. जे मना केलेले नाही ते चालते. पण हा नियम सगळीकडे लावून पाहिला तर फाटतो. मकाही अमेरिकेचा, पण तो धान्यात मोजला गेला आणि बाहेर राहिला. टोमॅटो बटाट्याचा सख्खा भाऊबंद, महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत तो चालत नाही. उत्तरेत खुशाल चालतो. वांगे अस्सल इथले, त्याला तर चातुर्मासभर रजा. म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, लोक कांदा आणि वांगे यांचा शेवटचा समाचार घेतात. हळद आणि मोहरी शतकानुशतके इथल्या फोडणीतल्या, त्या उपासाला नाहीत. कांदा-लसूण तामसी म्हणून वर्ज्य हे समजते, पण गीतेच्या सतराव्या अध्यायात तिखट, अतिउष्ण आहार राजस म्हणून सांगितलेला असताना मिरची कशी सुटली, हे विचारायचे नसते. दक्षिणेत अनेक घरांत उपासाच्या दिवशी भात सोडतात आणि रव्याचा उपमा खातात. मराठी माणसाला हा उघड उघड मोडलेला उपास वाटेल. त्याहून गमतीचे म्हणजे धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत व्रताला योग्य अशा ‘हविष्यान्ना’च्या याद्या आहेत आणि त्यांत तांदूळ, जव, मूग, तीळ आहेत.

निवाडा शेवटी स्वयंपाकघरात होतो. कोथिंबीर एका घरी चालते, भिंतीपलीकडे चालत नाही. भेंडीचेही तसेच. नोंद लिहिणाऱ्याच्या घरी जिरे चालते, कोथिंबीर नाही. का, तर आजी घालत नसे. सुनेच्या माहेरी चालत असेल तर तो वाद पहिल्या आषाढीला उपटतो आणि बहुधा दोन वाट्या वेगळ्या काढून मिटतो.

आहार म्हणून पाहिले तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण थट्टा नाही, हिशेब आहे. कोरडा साबुदाणा आणि कोरडा तांदूळ यांचे उष्मांक सारखेच, १०० ग्रॅमला सुमारे ३५०. शेंगदाण्याचे साडेपाचशेच्या वर. तांदळात सातेक ग्रॅम प्रथिने असतात, साबुदाण्यात नावाला. दाण्याचे कूट सढळ हाताने घालणारी पिढी ती उणीव न कळत भरून काढत होती. साबुदाणा वडा, फराळी मिसळ, बटाट्याचा चिवडा, त्यासाठीचा नायलॉन साबुदाणा हे पुढचे विस्तार. एकादशीला जेवणाऱ्यांवर तुकोबांनी कडक शब्द वापरले आहेत. फराळी मिसळ त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती.

या पदार्थांत जुने देशीही काही आहे. वरी हे बारीक तृणधान्य फार जुने. धान्य असूनही ते चालते. शिंगाडा तळ्यातला. ऋषिपंचमीचा नियम वेगळाच, पण निदान कारण सांगणारा : त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचे खात नाहीत. नांगराविना, हाताने लावलेले तेवढे घ्यायचे; अळू, माठ, सुरण, पडवळ यांची बिनफोडणीची ऋषीची भाजी करायची. त्या ऋषींच्या पातेल्यातही लाल भोपळ्याच्या फोडी आणि मक्याच्या कणसाचे तुकडे असतात, आणि दोन्ही अमेरिकेचे.

मीठ हा नाजूक मुद्दा. कडक उपासाला साधे मीठ चालत नाही, सैंधव लागते, जुन्या बोलीत शेंदेलोण. नावातच पत्ता आहे : सिंधूकडचे. त्याची सर्वांत मोठी खाण खेवडा इथली, पाकिस्तानी पंजाबातल्या झेलम जिल्ह्यात. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले आणि मे २०२५ मध्ये आयातच बंद केली. सर्वांत शुद्ध मानलेले मीठ असे सीमेपलीकडे राहिले.

राजगिरा उत्तरेत ‘रामदाना’. ज्या जातींचे दाणे आपण खातो त्या मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या. ॲझ्टेक लोक या दाण्याच्या पिठात मधासारखा गोड पाक कालवून आपल्या देवाची, वित्सिलोपोच्त्लीची, मूर्ती घडवत आणि उत्सवानंतर तिचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या प्रभुभोजनाचे विडंबन दिसले आणि १५२१ नंतर त्यांनी ते विधी मोडून काढले. धान्य मात्र संपले नाही. आजही मेक्सिकोत रस्त्यावर लाह्या आणि पाक यांची चौकोनी वडी मिळते, वर कधी शेंगदाणे लावलेले. तिचे नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्याकडची आजी ती हातात घेऊन उलटसुलट पाहील आणि विचारेल, यात मैदा वगैरे काही नाही ना, उपासाला चालेल ना.