ब्रिज स्पर्धेचं यजमानपद हवंय? अर्ज कुणाचा, कागद कुठले आणि घोडं कुठे अडतं

‘जागतिक ब्रिज स्पर्धा आपल्याकडे व्हावी म्हणून मंडळानं अर्ज केला होता, उत्तरच आलं नाही. आता कुणाला भेटायचं?’ ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या मंडळांकडून, सांगली-मिरजेकडून आणि साताऱ्याकडून हा प्रश्न वारंवार येतो. अर्जाची प्रत मागवली की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. मंडळाच्या लेटरहेडवर थेट जागतिक संघटनेला लिहिलेलं पत्र, सोबत खासदारांची शिफारस, एका हॉटेलचं दरपत्रक आणि गावाच्या इतिहासावर दोन पानं. माणसं प्रामाणिक असतात, मेहनतही खरी असते. पण असं पत्र अर्ज म्हणून दाखलच होत नाही. त्यामुळे नकारही येत नाही आणि मंडळ वाट पाहत बसतं.

अर्ज देशाचा असतो, मंडळाचा नाही

वर्ल्ड ब्रिज फेडरेशन १९५८ साली ऑस्लोमध्ये स्थापन झालं आणि १९९९ साली त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. त्याचे सभासद म्हणजे देशोदेशीच्या राष्ट्रीय संघटना. क्लब नाही, जिल्हा संघटना नाही, राज्यही नाही. भारताच्या बाजूनं बोलायचा अधिकार फक्त ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियाला आहे. प्रस्ताव तिनं द्यायचा, सरकारची संमती तिनं घ्यायची आणि निवड जागतिक संघटनेनं करायची. मंडळाचा कागद राज्य संघटनेकडे, तिथून राष्ट्रीय संघटनेकडे, असाच वर गेला पाहिजे. मधली पायरी गाळून वर पाठवलेलं पत्र फार तर खाली परत येतं.

तारखेचा घोळही इथेच होतो. जाहीर झालेली अंतिम तारीख ही राष्ट्रीय संघटनेचा पूर्ण प्रस्ताव पोहोचण्याची तारीख असते. आपलं पत्र टपालात टाकण्याची नव्हे. त्याआधी राष्ट्रीय संघटनेची बैठक, त्याआधी राज्याची, त्याआधी मंत्रालयातला प्रवास. तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नसतो. राज्य संघटनेकडे लेखी विचारा की त्यांना कागद कधीपर्यंत हवेत, आणि तीच आपली शेवटची तारीख धरा.

जो कागद जिल्ह्यात कुणीच देऊ शकत नाही

यजमान देश निवडताना सभागृह, हॉटेलं, विमानतळ हे सगळं पाहतात. पण त्याआधीचा प्रश्न असा की, पात्र ठरलेल्या प्रत्येक देशाच्या खेळाडूला त्या देशात प्रवेश मिळेल का? उत्तर लेखी लागतं आणि ते केंद्र सरकारकडूनच यावं लागतं.

हे किती गंभीर आहे ते आपण २०१९ मध्ये पाहिलं आहे. फेब्रुवारीत दिल्लीतल्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानच्या दोन नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ते ज्या प्रकारात खेळणार होते त्या प्रकारातले ऑलिंपिक कोटे, म्हणजे ऑलिंपिकमधल्या प्रवेशाच्या जागा, काढून घेतल्या आणि भारताशी पुढच्या स्पर्धांच्या यजमानपदाची बोलणी थांबवली. जूनमध्ये सरकारनं लेखी हमी दिल्यावरच ती बंदी उठली. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयानं पाकिस्तानबाबतचं धोरण जाहीर केलं. द्विपक्षीय स्पर्धा नाहीत, पण अनेक देशांच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय संघटनांच्या रीतीप्रमाणे होतील, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे धोरण प्रस्तावाला पूरक आहे, पण ते म्हणजे तुमच्या स्पर्धेची हमी नव्हे. ती प्रत्येक वेळी वेगळी मागावी लागते.

खासदारांचं पत्र, पालकमंत्र्यांचं पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचं ‘सर्वतोपरी सहकार्य करू’ हे पत्र यांना त्यांची किंमत आहे, पण यांतलं एकही पत्र व्हिसाची हमी होत नाही. शिफारशींची जाड फाइल करण्यात लोक महिने घालवतात आणि जो एक कागद लागतो त्याचं नावही फाइलमध्ये नसतं, हे बघून वाईट वाटतं. एवढी साधी गोष्ट अर्जदाराला पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत आहे? पण सांगत नाहीत.

ठरलेलं ठिकाणही बदलू शकतं, हे लक्षात असू द्या. २००१ ची बर्म्युडा बाउल, म्हणजे खुल्या गटाची जागतिक सांघिक स्पर्धा, बालीला व्हायची होती. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ती ऐनवेळी पॅरिसला हलवली गेली. बालीला स्पर्धा मिळाली ती पुढे २०१३ मध्ये. म्हणून हॉटेलशी करार करताना स्पर्धा रद्द झाली किंवा हलली तर आगाऊ रकमेचं काय, हे कलम हवंच.

जागेचा हिशेब कागदावर मांडा

भारतात जागतिक सांघिक स्पर्धा झालेली आहे: चेन्नईत, २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर २०१५. म्हणजे पंधरा दिवस. २०१९ पासून खुला, महिला, ज्येष्ठ आणि मिश्र असे चार गट असतात आणि प्रत्येक गटात २४ संघ. सांघिक सामन्यात एका संघाची एक जोडी एका खोलीत आणि दुसरी जोडी दुसऱ्या खोलीत खेळते, म्हणजे एका सामन्याला दोन टेबलं. एका गटाची २४ टेबलं, चार गटांची ९६. एका वेळी ३८४ खेळाडू बसलेले, प्रत्येक टेबलावर भिडूला भिडू दिसू नये म्हणून तिरका पडदा, मोबाइल बाहेर जमा. शिवाय उत्तेजक चाचणीसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह. पत्त्यांच्या खेळात ही चाचणी कशाला, असं बरेच जण विचारतात. २०१८ च्या ऑरलँडोच्या स्पर्धेतल्या चाचणीवरून गेअर हेल्गेमो या अव्वल खेळाडूवर वर्षाची बंदी आली होती.

आता आपल्याकडची जागा बघा. विष्णुदास भावे नाट्यमंदिराचा फोटो अर्जाला जोडू नका. नाट्यगृहाच्या उतरत्या, बसवलेल्या खुर्च्यांमध्ये ब्रिजचं टेबल मांडता येत नाही. सांगलीला प्रवासी विमानतळ नाही. जवळचा कोल्हापूरचा, तोही मोठ्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलं भरपूर आहेत, पण जागतिक स्पर्धा बऱ्याचदा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येतात आणि तेव्हा तिथला पाऊस आपल्याला माहीत आहे. म्हणून स्पष्ट सांगतो, जागतिक स्पर्धेसाठी मोठ्या शहराचा प्रस्ताव जाऊ द्या. आपण राज्य स्पर्धा मागा, ती नीट पार पाडा, मग राष्ट्रीय मागा. बुद्धिबळात सांगलीनं हेच केलं. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, तेव्हा कुठे बुद्धिबळ म्हटलं की सांगलीचं नाव निघू लागलं.

राज्य स्पर्धा मागताना: परिशिष्ट एकचा उतारा

इथून पुढचं मात्र आपल्या हातातलं आहे आणि सगळ्यात जास्त फाइली इथेच परत येतात.

नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक मंडळाकडे फ्रेम करून लावलेलं असतं. त्याची झेरॉक्स जोडून काम भागत नाही. लागतो तो धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतला, अद्ययावत, प्रमाणित उतारा. तो काढून आणा आणि आधी त्यावरची विश्वस्तांची नावं वाचा. बऱ्याच जुन्या मंडळांत त्यातले निम्मे लोक हयात नसतात. दरम्यान निवडणुका झाल्या, अध्यक्ष बदलले, पण बदल अर्ज कुणी दाखलच केला नाही. मग आजच्या अध्यक्षांची सही कायद्याच्या लेखी कुणाचीच सही नसते. संघटना अर्ज परत करते, बँकही खात्यावरच्या सह्या बदलायला नकार देते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो कळवायचा असतो. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. तीन कार्यकारिणी बदलल्या असतील तर फक्त शेवटच्या बदलाचा अर्ज देऊन चालत नाही. जुन्यापासून क्रमानं यावं लागतं. त्यासाठी सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची वही, जुन्या विश्वस्तांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले हे सगळं जमवा. मृत्यूचा दाखला कुटुंबाकडून मागताना अवघड वाटतं, पण तो लागतोच. आधी भेटून नीट समजावून सांगा, घरची माणसं नाही म्हणत नाहीत.

इतिवृत्ताची वही हरवली असेल तर मागच्या तारखांची नवी वही लिहू नका. असा सल्ला देणारे लोक भेटतील. ती पकडली जाते आणि नंतर विश्वस्तांवरच शेकते. वही नाही हे प्रतिज्ञापत्रावर सांगा आणि जे पुरावे आहेत ते द्या.

या कामाला वेळ लागतो. एका कचेरीत मी असंही पाहिलं आहे की, पाच त्रुटी पहिल्या दिवशीच दिसत असताना अर्जदाराला दर खेपेला एकच सांगितली गेली. सत्तरीतले दोन विश्वस्त त्यासाठी तालुक्याहून परत परत येत होते. यावर उपाय एवढाच की, त्रुटी लेखी मागा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हिशेबांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश हे नेहमीचे कागद. टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक, मात्र बहुतेक मंडळांकडे नसतो. पत्त्यांच्या खेळातलं रोख बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेलं की ३० टक्के कर कापून भरावा लागतो आणि त्यासाठी टॅन लागतो. बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी हे कळलेली मंडळं मी पाहिली आहेत.

पोलीस ठाण्यात काय सांगायचं

‘पत्त्यांची स्पर्धा’ एवढंच लिहिलेला अर्ज ठाण्यात गेला की समोरच्याच्या डोळ्यासमोर तीन पत्तीचा अड्डा येतो. त्याचा सगळा दोष त्याला देता येत नाही. अर्जात ‘डुप्लिकेट ब्रिज’ असं लिहा आणि स्पष्ट करा की, सगळ्या टेबलांना तीच पानं मिळतात, त्यामुळे कुणाला चांगली पानं आली यावर निकाल ठरत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी याच खेळात भारताला सुवर्ण मिळवून दिलं, हेही एका ओळीत लिहा. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातलं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतं. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीसुद्धा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला.

पण त्याच निकालात असंही आहे की, क्लबचालक खेळातून नफा काढत असतील तर गुन्हा होऊ शकतो. म्हणून प्रवेश शुल्काचा आणि बक्षिसांचा हिशेब वेगळा ठेवा, आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये किंवा वरच्या खोलीत पैसे लावून एकही डाव होऊ देऊ नका. रात्री ‘गंमत म्हणून’ मांडलेली रमी सगळ्या स्पर्धेला खड्ड्यात घालते.

पात्रता फेरी ऑनलाइन घेण्याचा विचार असेल तर जास्तच सावध राहा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे भरून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, खेळ कौशल्याचा असला तरी. ऑनलाइन फेरीला शुल्क आणि रोख बक्षीस ठेवूच नका.

परदेशी खेळाडू येणार असतील तर दोन गोष्टी. त्यांना कुणाच्या घरी उतरवलं तरी २४ तासांत नोंद कळवावी लागते, ही फक्त हॉटेलची जबाबदारी नाही. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. दुसरं, परदेशी देणगी मंडळाच्या साध्या खात्यात घेऊ नका. त्यासाठी केंद्राची वेगळी नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते.

तारीख आणि मंगल कार्यालय

ऑगस्ट टाळा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर कुणी विसरलेलं नाही. दिवाळीनंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि मंगल कार्यालयं मिळत नाहीत. पूर ओसरल्यावर दिवाळीपर्यंतचे आठवडे, किंवा पौषातले मुहूर्त नसलेले दिवस मागा. दरपत्रक म्हणजे आरक्षण नव्हे. संघटनेला तारखा घातलेलं आरक्षणाचं पत्र आणि आगाऊ रकमेची पावती लागते. ही पावती मंडळाच्याच नावानं घ्या. अध्यक्षांच्या नावानं घेतली तर पुढे लेखापरीक्षणात तीच अडते.