एक कार्बन गेला, एक कार्बन आला: आयसोफ्लेव्होनच्या संश्लेषणाची आणि स्फटिकाची पार्श्वभूमी

सोयाबीनमधलं डाइडझीन हे आयसोफ्लेव्होन घ्यायचं, तीव्र गंधकाम्लाने त्यावर सल्फोनेट गट (गंधक आणि ऑक्सिजनचा ऋणभारित गट) चढवायचा, मिठाच्या संपृक्त द्रावणात ओतून सोडियम क्षार खाली बसवायचा, त्याचा स्फटिक वाढवायचा आणि क्ष-किरणांनी रेणूची रचना काढायची. २००० नंतरच्या दशकात चीनमधल्या शिआनच्या शान्सी नॉर्मल विद्यापीठातून अशा सल्फोनेटांवरचे शोधनिबंध एकामागून एक निघाले. सोडियमच्या जागी कधी मॅग्नेशियम, कधी कोबाल्ट, कधी निकेल. वरवर बघता तोच साचा आणि तेच तक्ते. पण त्यातली प्रत्येक पायरी कुठून आली हे शोधू लागलं की दीडशे वर्षं मागे जावं लागतं, आणि वाटेत लाहोर, मुंबई, पुणेही लागतात.

आधी रेणूची ओळख. फ्लेव्होन आणि आयसोफ्लेव्होन यांचा सांगाडा एकच: एकमेकांना चिकटलेली दोन वलयं आणि बाजूला लटकलेलं तिसरं बेंझीन वलय. फरक एवढाच की हे तिसरं वलय फ्लेव्होनमध्ये दोन नंबरच्या कार्बनवर असतं आणि आयसोफ्लेव्होनमध्ये तीन नंबरच्या. त्यामुळे आयसोफ्लेव्होनमधला दोन नंबरचा कार्बन एका बाजूला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला तिसरा कार्बन यांच्यामध्ये एकटा पडतो. फक्त एक हायड्रोजन असलेल्या या कार्बनभोवतीच पुढची सगळी गोष्ट फिरते.

१८५५ साली ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ ह्लासिवेट्झ ओनोनिस स्पिनोसा या काटेरी झुडपाच्या मुळांवर काम करत होते. मुळातून निघालेल्या पदार्थाची साखर सुटी केल्यावर उरलेला भाग त्यांनी अल्कलीत उकळला. तेव्हा तो दोन तुकड्यांत फुटला, आणि त्यातला एक तुकडा होता फॉर्मिक आम्ल. १८९३ मध्ये द लेर आणि टीमन यांनी आयरिसच्या कंदातून मिळालेल्या इरिजेनिनवर असाच प्रयोग केला आणि त्यांनाही फॉर्मिक आम्ल मिळालं. तेव्हा रेणू पाहण्याचं कोणतंही साधन नव्हतं. तो फोडायचा, तुकडे ओळखायचे आणि मग मूळ वस्तू कशी असेल याचा अंदाज बांधायचा, एवढंच हातात होतं. फ्लेव्होन अल्कलीत फोडला तर फॉर्मिक आम्ल येत नाही. आयसोफ्लेव्होन फोडला की येतं, कारण तो एकटा पडलेला दोन नंबरचा कार्बन फॉर्मिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो आणि मागे डीऑक्सिबेंझॉइन जातीचा कीटोन, म्हणजे मधलं वलय उघडलेला रेणू, उरतो. ओनोनिसमधल्या त्या पदार्थाला आज आपण फॉर्मोनोनेटिन म्हणतो.

दुसरा धागा रंगाऱ्यांचा आहे. जेनिस्टा टिंक्टोरिया हे पिवळ्या फुलांचं युरोपीय झुडूप. त्याच्या पिवळ्या रंगावर वोड या वनस्पतीच्या निळ्या रंगाचा हात दिला की लोकरीला हिरवा रंग चढायचा. आर्थर जॉर्ज पर्किन हे १८५६ मध्ये मॉव्ह हा कृत्रिम रंग शोधणाऱ्या विल्यम हेन्री पर्किन यांचे चिरंजीव. वडिलांच्या शोधामुळे कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला आणि वनस्पतिजन्य रंगांचा धंदा बसला. मुलाने आयुष्य त्याच वनस्पतिजन्य रंगांची रसायनं उलगडण्यात घालवलं. १८९९ मध्ये त्यांनी न्यूबरी यांच्यासोबत या झुडपातून जेनिस्टीन वेगळं केलं. गंमत अशी की झुडपाच्या रंगाचा भार मुख्यतः ल्युटिओलिन या फ्लेव्होनवर आहे. रंगाच्या बाबतीत जेनिस्टीनचा वाटा नगण्य, पण नाव त्याचंच झालं.

फोडलेलं पुन्हा जोडून दाखवल्याशिवाय अंदाजाला पुरावा म्हणत नाहीत. हे काम मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्सन बेकर यांनी हाती घेतलं. आयसोफ्लेव्होनवरचा त्यांचा पहिला निबंध १९२५ चा, आणि १९२८ मध्ये जेनिस्टीनचं संश्लेषण झालं. इरिजेनिन हेही आयसोफ्लेव्होनच आहे हे बेकर यांनी त्याच वर्षी दाखवलं. मात्र ही पहिली पद्धत आडवळणाची होती. दोन नंबरच्या कार्बनवर आधी नको असलेली एक शेपटी चढायची आणि मग ती काढत बसावं लागायचं.

रॉबिन्सन यांच्याकडे मँचेस्टरला शिकून कृष्णस्वामी वेंकटरामन लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले होते. एम.एस्सी.च्या पुस्तकात बेकर-वेंकटरामन पुनर्रचना असते. ती फ्लेव्होन करण्याची वाट: बेकर यांचं काम १९३३ चं, महाल आणि वेंकटरामन यांचं १९३४ चं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, त्यामुळे ती सगळ्यांना पाठ असते. पण १९३४ मध्येच लाहोरहून आयसोफ्लेव्होनवर जे काम प्रसिद्ध झालं त्याचा उल्लेख क्वचितच होतो, आणि माझ्या मते ते अधिक देखणं आहे. जोशी आणि वेंकटरामन यांनी मूळ आयसोफ्लेव्होन तयार केलं. त्यानंतर महाल, राय आणि वेंकटरामन यांनी सात नंबरच्या कार्बनवर हायड्रॉक्सी गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असलेलं आयसोफ्लेव्होन केलं. त्यांनी डीऑक्सिबेंझॉइन घेतलं, थंडगार ठेवून त्यावर सोडियमच्या चुऱ्यासोबत इथाइल फॉर्मेट सोडलं आणि वलय बंद करून घेतलं.

इथाइल फॉर्मेट म्हणजे फॉर्मिक आम्लाचंच एस्टर. अल्कलीत उकळताना जो कार्बन फॉर्मिक आम्ल होऊन निघून गेला होता, तोच फॉर्मिक आम्लाच्या घराण्यातून परत आणून बसवला. विघटनाची अभिक्रिया उलटी चालवली. यात अडचणही होती. रेणूवर मोकळे हायड्रॉक्सी गट जास्त असले की सोडियम आधी त्यांच्याशीच लागतं, म्हणून ते आधी झाकायचे आणि शेवटी उघडायचे. झाकण्या-उघडण्यात दोन-तीन पायऱ्या जातात आणि हाती येणारा माल घटतो.

वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. हीच आज माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. १९३८ पासून ते या विभागाचे संचालक होते, पहिले भारतीय संचालक. गिरण्यांच्या मुंबईत रंगांचं रसायनशास्त्र हा पोटापाण्याचा विषय होता. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभरच्या रंग-कारखान्यांत संदर्भासाठी वापरला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथून १९६२ मध्ये कागल, माधवन नायर आणि वेंकटरामन या तिघांच्या नावाने एक छोटा निबंध निघाला. पद्धत अशी: डीऑक्सिबेंझॉइनवर डायमिथाइल फॉर्मामाइड आणि फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड यांचं मिश्रण चालवायचं. सोडियमची गरज नाही. डायमिथाइल फॉर्मामाइड हेही फॉर्मिक आम्लाचंच अपत्य! लाहोरच्या त्या वाटेचा हा पुण्यात सापडलेला सोपा फाटा. १९७६ मध्ये बास यांनी ऑक्सिक्लोराइडच्या जागी मिथेनसल्फोनिल क्लोराइड घातलं आणि बोरॉन ट्रायफ्लोराइडची जोड दिली. त्यामुळे हायड्रॉक्सी गट न झाकता एकाच भांड्यात काम होऊ लागलं. रिसॉर्सिनॉल आणि हायड्रॉक्सिफिनाइल ॲसिटिक आम्ल घेऊन सुरुवात करायची आणि डाइडझीन हाती घ्यायचं, इतकं ते सुटसुटीत झालं.

दुसऱ्या वाटाही आहेत. बेकर आणि ऑलिस यांनी १९५० च्या दशकात इथॉक्झॅलिल क्लोराइड वापरलं. चाल्कोनवर, म्हणजे मधलं वलय बंद न झालेल्या फ्लेव्होनच्या नातलगावर, थॅलियम नायट्रेट चालवून बेंझीन वलय एका कार्बनवरून शेजारच्या कार्बनवर सरकवता येतं. वनस्पतीही एका विकराच्या मदतीने साधारण हेच करते, फक्त थॅलियमसारखं विष न वापरता. १९८० च्या दशकाच्या शेवटी पॅलेडियम वापरून दोन तयार तुकडे सांधण्याची सुझुकी पद्धतही इथे लागू झाली.

एवढं करून रेणू हाती आला तरी त्यात फेरफार करायची गरज का पडावी? याचं उत्तर बऱ्याच अंशी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांकडे आहे. १९४० च्या दशकात तिथे एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. १९४६ मध्ये बेनेट्स, अंडरवुड आणि शीअर यांनी याची नोंद केली. पुढे कारण आयसोफ्लेव्होनमध्ये सापडलं. गवतातलं फॉर्मोनोनेटिन मेंढीच्या पोटात इक्वॉल बनतं, आणि इक्वॉल इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. इक्वॉल तसं जुन्या ओळखीचं होतं; १९३२ मध्येच ते गाभण घोडीच्या मूत्रात सापडलं होतं. वनस्पतीतला एक साधा रेणू संप्रेरकाची नक्कल करतो म्हटल्यावर औषधवाले पुढे सरसावले. आपल्याकडच्या हरभऱ्यातही या कुळातलं बायोकॅनिन-ए आहे. सिद्दिकी आणि बोस यांनी १९४५ मध्ये मोड आलेल्या हरभऱ्यावर काम करून ते नोंदवलं.

औषधी वापरात दोन अडचणी ठळक आहेत. पहिली अडचण परिणामाची. हंगेरीत तयार झालेलं इप्रिफ्लेव्होन, म्हणजे सातव्या कार्बनवर आयसोप्रोपॉक्सी गट असलेलं कृत्रिम आयसोफ्लेव्होन, हाडांच्या ठिसूळपणावर बरीच वर्षं दिलं गेलं. २००१ मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या ४७४ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. हाडांची झीज थांबली नव्हती आणि काही जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी मात्र घटल्या होत्या. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या विकणाऱ्या जाहिरातींत हा निकाल सहसा दिसत नाही. दुसरी अडचण विद्राव्यतेची. डाइडझीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. चपटे रेणू एकमेकांवर घट्ट रचले जातात आणि हायड्रोजन बंधांनी बांधले जातात, त्यामुळे पाण्याला आत शिरायला जागा मिळत नाही.

इथे पुन्हा रंगाऱ्यांची युक्ती कामी आली. अठराव्या शतकात, १७४० च्या दशकात, सॅक्सनीमध्ये नीळ तीव्र गंधकाम्लात विरघळवली गेली आणि पाण्यात मिसळणारा निळा रंग मिळाला. त्यात नीळेच्या रेणूवर सल्फोनेट गट बसतात. मग विरघळलेला रंग परत मिळवायचा तर द्रावणात मीठ टाकायचं. रंगाचा सोडियम क्षार साका होऊन तळाशी बसतो. कापडरंगाच्या कारखान्यात हे रोजचं काम. शिआनच्या प्रयोगशाळेत डाइडझीनवर तेच केलं गेलं. सल्फोनेट गट बाजूच्या वलयावर (त्याचे नंबर वेगळे मोजतात), चार नंबरच्या हायड्रॉक्सी किंवा मिथॉक्सी गटाच्या शेजारी, तीन नंबरच्या जागी बसतो.

तो नेमका तिथेच बसला हे कशावरून म्हणायचं? ह्लासिवेट्झ यांच्या काळात रेणू फोडावा लागला असता. आता स्फटिक लागतो. लाउए यांनी १९१२ मध्ये स्फटिकातून क्ष-किरणांचं विवर्तन दाखवलं आणि ब्रॅग पिता-पुत्रांनी त्यावरून अणूंच्या जागा काढायला सुरुवात केली, तरी सेंद्रिय रेणूंसाठी हे काम बराच काळ वर्षानुवर्षांचं राहिलं. विवर्तनाच्या चित्रात तीव्रता कळते, पण तरंगाची कला, म्हणजे त्याचे चढ-उतार नेमके कुठे येतात ही माहिती, हरवते. ती गणिताने परत मिळवण्याची थेट पद्धत हॉप्टमन आणि कार्ल यांनी दिली. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. जेनिस्टीनची स्फटिकरचना १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे पर्किन यांच्यानंतर ७६ वर्षांनी. शेल्ड्रिक यांच्या शेलएक्स या संगणक-प्रणालीने आणि १९९० च्या दशकातल्या सीसीडी शोधकांनी (विवर्तन टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी) हे काम काही तासांवर आणलं. २००१ पासून केवळ स्फटिकरचनांच्या छोट्या वृत्तांसाठी एक स्वतंत्र नियतकालिकच सुरू झालं. विभाग छोटा, निधी बेताचा, पण हाताशी एक विवर्तनमापी आहे, अशा ठिकाणांहून मग असे निबंध येऊ लागले. यांना ‘किरकोळ’ म्हणून नाक मुरडणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. केंब्रिजच्या स्फटिकरचनांच्या संग्रहात आज दहा लाखांहून जास्त रचना आहेत, आणि त्या अशाच एकेका स्फटिकाने साठल्या आहेत.

रचनेत दिसतं काय? आयसोफ्लेव्होन पूर्ण सपाट नसतो. बाजूचं वलय मुख्य सांगाड्याच्या पातळीपासून बऱ्याचदा ४० ते ६० अंशांनी वळलेलं असतं, कारण सरळ राहिलं तर शेजारच्या अणूंना धक्का लागतो. जेनिस्टीनमध्ये पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सी गट शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने जखडलेला दिसतो. जेनिस्टीनवर अल्किल गट चढवताना सातव्या जागेचा हायड्रॉक्सी गट आधी अभिक्रिया करतो आणि पाचव्याचा तसाच राहतो, त्याचं एक मोठं कारण हा बंध आहे. सल्फोनेट क्षारांत तर स्फटिकाचे थर पडतात. एका थरात आयसोफ्लेव्होनचे सांगाडे साधारण साडेतीन अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतरावर एकमेकांवर रचलेले. दुसऱ्या थरात सल्फोनेट गट, धातूचे आयन आणि पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात गुंतलेले. पाण्याला आत शिरायची वाट मिळाली ती या दुसऱ्या थरातून.

मात्र स्फटिकातली जागा आणि शरीरातली जागा एक नव्हे. १९९९ मध्ये इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीची (पेशीत इस्ट्रोजेनला धरणाऱ्या प्रथिनाची), आत जेनिस्टीन बसलेलं असतानाची, रचना प्रसिद्ध झाली. जेनिस्टीनच्या बाजूच्या वलयावरचा चार नंबरचा हायड्रॉक्सी गट तिथे ग्लुटामेट आणि आर्जिनिन या प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या अवशेषांना धरतो, आणि सात नंबरचा हिस्टिडिनला. म्हणजे विद्राव्यतेसाठी सल्फोनेट ज्या जागी बसवला ती जागा नेमकी या पकडीला खेटून आहे. तिथे ऋणभारित, बोजड गट आल्यावर ग्राही या रेणूला आधीसारखंच आत घेईल असं गृहीत धरता येत नाही, आणि सोडियम क्षाराचा स्फटिक कितीही स्वच्छ असला तरी तो याबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी पेशींवरचे प्रयोग वेगळे करावे लागतात.