लोगनबेरी हायब्रीड आहे, म्हणून काय बिघडलं?

हायब्रीड म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, बेचव फळ आणि दरवर्षी नव्या रोपाचा खर्च, हा टोमॅटोवरून पक्का झालेला समज ब्रिटनमध्ये परसबाग करतानाही सुटत नाही.

लोगनबेरी, म्हणजे ब्लॅकबेरी आणि रास्पबेरीच्या संकराचं फळ, तर अपघातानेच जन्मली. १८८१च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला न्यायाधीश जेम्स लोगन यांच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी शेजारीशेजारी होत्या. परागकण इकडचे तिकडे गेले, लोगननी बी पेरलं, झुडूप उगवलं. स्कॉटलंडची टेबेरी हा त्याच दोन फळांचा ठरवून केलेला संकर. पण तो १९७९चा, वनस्पतीत बाहेरचं जनुक घालण्याचं तंत्र यायच्या आधीचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीसुद्धा मुळात दोन अमेरिकी जातींचा संकरच की!

बियांपासून मूळ झाडासारखं रोप येत नाही, हे खरं. पण बी लावायचंच कशाला? उन्हाळा सरताना लांब फांदीचं टोक मातीत दाबून ठेवा, वसंतापर्यंत मुळं धरतात. फळ मात्र गेल्या वर्षीच्या फांदीला लागतं. हिवाळ्यात सरसकट छाटलंत तर पुढच्या वर्षी नुसती पानं.

लोगनबेरी आंबट, जॅमला फक्कड. नुसती खायची तर टेबेरी लावा. पुण्याच्या गच्चीवर मात्र दोन्हींच्या नादी लागू नका, त्यांना खरी थंडी लागते.